अवस निघेपर्यंत

गेले पंधरा दिवस माझी मुलगी माझ्याशी फार चांगलं वागते आहे. सकाळी आठला हळद घातलेलं दूध, अकराला नाचणीची आंबील, आणि गोळ्यांची ती वारांची डबी रविवारी रात्रीच भरून ठेवलेली. दर दोन तासांनी दारातून डोकावते, "आई, दम लागत नाही ना?" एरवी हिला माझी आठवण व्हायची ती कुकरच्या शिट्ट्या मोजायला. मी खालापूरला कचेरीत जन्मभर कारकुनी केलेली बाई आहे. अर्जाबरोबर कोणी पेढे आणले की आधी अर्ज वाचावा, एवढं मला कळतं. म्हणून मी उठून भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. आषाढाच्या अवसेच्या चौकटीत बारीक अक्षरात छापलं होतं: खग्रास सूर्यग्रहण, भारतात दिसणार नाही.

स्नेहल आणि जावई रोशन स्पेनला चाललेत. तिथे एक घरगाडी भाड्याने घ्यायची, आत पलंग, शेगडी, न्हाणीसुद्धा. ढग आले की गाडी हाकायची आणि मोकळं आभाळ असेल तिथे जाऊन उभी करायची. महिनाभर आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवण कमी आणि नकाशे जास्त. मी मधे आमटीचं भांडं ठेवलं तर रोशन म्हणतो, "आई, जरा सांभाळून, तिथं सावली पडणार आहे." माझ्या हृदयाची एक झडप निकामी झाली आहे. ऑपरेशन झेपणार नाही आणि विमानाचं तर नावच काढायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. तेव्हा मी इथेच, खोपोलीत, तिसऱ्या मजल्यावर.

गॅलरीत बसलं की समोर डोंगर दिसतो. आषाढात तो दिवसातून दहा वेळा नाहीसा होतो आणि दहा वेळा परत येतो. परत आला की त्याच्या अंगावरून उतरणारे वीजघराचे जाड नळ आधी दिसतात, मग हिरवं. वाळत घातलेल्या कपड्यांना कुबट वास, भिंतीला ओल, खालच्या वाडीत लावणी उरकून चिखलाचे पाय धुणाऱ्या बायकांचं हसणं. या महिन्यात मला कोणाचं काही गोड लागत नाही. लोक श्रावणाची वाट बघतात. मी आषाढ सरायची बघते.

त्या वीजघरात आमचे आप्पा कामाला होते. आप्पा म्हणजे माझ्या यजमानांचे सख्खे चुलते. लग्न केलं नाही, आमच्यातच राहिले, चौक गावाजवळच्या आमच्या घरात पडवीतली खाट त्यांची. ते तरुण असताना एक मोठं ग्रहण झालं होतं. त्या दिवशी अख्ख्या मुलुखाने दारं-खिडक्या लावून घेतल्या, रस्त्यावर कुत्रं दिसेना. आप्पा पाळीवर होते. भर दिवसा यंत्रावरचा काटा चढायला लागला. लोकांनी घरं बंद करून आत दिवे लावले होते. "सगळी दडून बसली नि त्यांना उजेड मी देत व्हतो," असं ते सांगायचे. "साहेबानं मला भायेर डोकं काढू दिलं नाय गं. पन्नास पावलावर आभाळ व्हतं." हे सांगताना ते हसत, पण एकदा कचेरीतून थकून येऊन मी म्हटलं, "किती वेळा तेच तेच, आप्पा," तर दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते.

निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी आप्पांनी एक जुनी रुग्णवाहिका घेतली. खोपोलीच्या कारखान्यात पडून होती, भंगारात निघाली. आम्ही कपाळावर हात मारला. ती चौकला सलीम मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये उभी राहिली आणि आप्पा रोज सकाळी डबा घेऊन तिकडे. त्या वर्षी आषाढात गुजरातेवरून ग्रहणाची सावली जाणार होती, सकाळी, सूर्य उगवल्या उगवल्या. गाडीतच झोपायचं, गाडीतच रांधायचं, आणि पहाटे मोकळं आभाळ शोधायचं, असा बेत. चैत्रापासून ज्येष्ठापर्यंत त्या गाडीवर हातोडे पडत होते. बाक, पाण्याची टाकी, शेगडीला खाच. स्ट्रेचर सरकवायचे रूळ मिस्त्री काढायला निघाले तर आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे रं. त्याच्यावर माजी फळी बसंल." आणि टपावरचा निळा दिवा काढल्यावर जे गोल भोक पडलं होतं, तिथे त्यांनी घुमटासारखी फुगीर काच बसवून घेतली. झोपल्या झोपल्या आभाळ दिसायला पाहिजे म्हणून.

आणि मग तो नाद आम्हालाही लागला, हे मी कबूल करते. संध्याकाळी पडवीत आप्पा चिंचोक्यांनी चंद्र-सूर्य मांडायचे. बारा वर्षांची स्नेहल त्यांच्या मांडीला मांडी लावून बसायची. सूर्याचं ग्रहण अवसेलाच का, चंद्राचं पुनवेलाच का, वेल्डिंगची काच केव्हा डोळ्यावर धरायची आणि केव्हा काढायची. "पुरा झाकला की काच काढायची बरं का. तेवढी दोन-तीन मिनटं उघड्या डोळ्यांनी बगायचं. देव तेवढा येळ देतो." मी भाजी निवडता निवडता ऐकायची. मी तोवर कर्जत, खालापूर, पनवेल आणि एकदा आळंदी, यापलीकडे काही बघितलं नव्हतं. मलाही जायचं होतं. नुसतं जायचं नव्हतं, हट्टाने जायचं होतं. हे नीट सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यातून झालं.

ज्येष्ठ संपता संपता आप्पांचे डोळे पिवळे झाले. कर्जतच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरून बघितले, आमच्या ह्यांना बाहेर नेलं आणि सांगितलं, महिना, फार तर दीड. गावात माणूस मरायला टेकलं की तारखेने नाही बोलत, तिथीने बोलतात. जो येई तो पडवीतून बाहेर पडताना चप्पल घालत म्हणे, "अवस काय काढत नाय म्हातारा." दुखणेकरी अवस-पुनवेला जातो ही आमच्याकडे पक्की समजूत. आणि ग्रहणही अवसेलाच. हे तर आप्पांनीच आम्हाला चिंचोके मांडून शिकवलं होतं.

त्या रात्री मी आणि हे अंथरुणात पडून हिशेब करत होतो, पैशाचा नव्हे, दिवसांचा. चुलता गेला की दहा दिवस सुतक. सुतकात कुठे जाता येत नाही. अवसेच्या आधी आठ-दहा दिवसांत काही झालं तर गाडी जागची हलणार नाही. ह्यांनी त्यांच्या दोन मित्रांना केव्हाच शब्द दिलेला. मी कचेरीत रजा मांडून ठेवलेली, आणि सगळ्या बायकांना सांगून ठेवलेलं. मग मी म्हटलं, "अवस निघेपर्यंत तरी जपायला पाहिजे." वाक्य माझं होतं. हे आता नाहीत, तेव्हा त्यांच्या नावावर ढकलता आलं असतं. पण माझंच होतं.

मग आप्पांना आम्ही असं जपलं की अख्ख्या गावाने नाव काढलं. सकाळ-संध्याकाळ गाईचं दूध. भाताची पेज तूप घालून. डॉक्टर एक दिवसाआड घरी. डोंगराकडच्या कातकरीवाडीतली येशी दिवसभर उशाशी बसायला ठेवली. ती वारा घालायची, कूस वळवायची. मी स्वतः रात्री दोनदा उठून त्यांच्या नाकाशी हात धरून बघायची. शेजारणी म्हणाल्या, "पोटची पोरं करणार नाय एवढं करत्ये गं तू." मी मान खाली घालायची. लोकांना वाटायचं लाजते. तीस वर्षं त्यांच्या ताटात मी कधी तूप वाढलं नव्हतं.

एका दुपारी पेज भरवताना आप्पांनी माझं मनगट धरलं. हात सुतळीसारखा झाला होता. म्हणाले, "सुनबाय, कशापायी येवढं करत्येस ते कळतंय मला." मी चमचा वाटीत ठेवला. "तुला वाटतंय, म्हाताऱ्याला गिराण दाखवायचं. घाबरू नको. अवस निघंपर्यंत मी मरत नाय. मी झोपूनच येतो. रूळ हायतच की गाडीत." आणि ओकारी येत असताना त्यांनी वाटीभर पेज सगळी संपवली, मला दाखवून दाखवून. मी त्यांचं तोंड पुसलं, वाटी घेतली, मोरीत जाऊन घासली. बोलायला तेवढी एकच वेळ होती आणि ती मी भांडं घासण्यात घालवली.

त्यानंतर म्हातारा शर्थीने जगला. कडू काढे मागून प्यायचा. अंगात ताप असताना येशीला म्हणायचा, "बसव मला, छाती भरंल झोपून." रोज मला विचारायचा, आज कंची तिथ? मी सांगायची, एकादशी. द्वादशी. त्रयोदशी. तो बोटांवर मोजून हसायचा. जगातला सगळा लोभ मी त्या पिवळ्या डोळ्यांत बघितलाय, आणि त्यावर आम्ही तूप घालत होतो.

कधी कधी वाटतं, माया आणि मतलब यांच्या हातांना वेगळा स्पर्श असायला हवा होता, म्हणजे घेणाऱ्याला कळलं असतं. नाही कळत. दूध तेच, हळद तीच. परवा स्नेहलने माझ्या पायांना तेल चोळलं. फार बरं वाटलं. तिचा हात हलका आहे, लहानपणापासून.

त्रयोदशीला सलीम मिस्त्री गाडी घेऊन आले. ब्रेक तपासलेले, टायर बदललेले. ह्यांनी त्यांना अंगणातच बाजूला घेऊन सांगितलं की आप्पा येत नाहीत, वाटेत काही झालं तर परमुलखातून मढं आणायचं कोणी, आणि फळीवर आता मित्रांची बसायची सोय करा. मिस्त्रींनी हात पुसत माझ्याकडे बघितलं. "भाभी, गाडी त्यांची आहे. झोपवून नेऊ, मी चालवतो हळू. वाटेत गेले तर जाऊ द्या ना, त्यांच्या गाडीत जातील." मी म्हटलं, "मिस्त्री, तुम्ही गाडीचं बघा." ते किल्ली तुळशीपाशी ठेवून चालत चौकला गेले. पुन्हा आमच्या घरी आले ते एकदाच.

चतुर्दशीला दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही निघालो. आप्पांना सांगितलं, गाडीचा आवाज येतोय, मिस्त्रीला दाखवून आणतो, तासाभरात येऊ, मग तुम्हाला उचलून ठेवू. तीस वर्षं यंत्रांचा आवाज ऐकलेल्या माणसाला. ते म्हणाले, "आवाज तर काय नाय येत." मग, "बरं. तवर येशी मला कपडे घालंल." स्नेहल गाडीच्या खिडकीत बसली होती, तिने हात हलवला. टोलनाक्यापाशी ह्यांनी खिशातला मोबाइल काढून तिच्या हातात दिला आणि सांगितलं, "बंद करून टाक. उद्या सकाळी गिराण सुटल्याशिवाय चालू करायचा नाय." तिने विचारलं, का? हे म्हणाले, सुतक लागतं ते कळल्यापासून. कळलंच नाय तर लागत नाय. मित्र हसले. मीही हसले असेन. तिने बटण दाबून धरलं आणि पडदा काळा झाला तसा मला दाखवला.

ती शेगडी आम्ही पेटवलीच नाही. अंधार पडायच्या आतच वेध लागले, आणि वेधात शिजवलेलं खायचं नाही म्हणून मीच सगळ्यांना दटावलं. पडवीतल्या माणसाला फसवून आलेली बाई, आणि वेध पाळत होती. फरसाण खाऊन झोपलो.

सकाळी गुजरातेत एका उसाच्या शेताकडेला गाडी उभी होती. भुरभूर पाऊस. तेव्हा कळलं, वेल्डिंगची काच घरीच राहिली, ती आप्पांच्या सदऱ्याच्या खिशात. ह्यांचे मित्र वैतागले. पण मग समोर ढग पातळ झाले, जुन्या धोतरासारखे, आणि त्यांच्याआडून सूर्य कापला जाताना दिसला. उजाडलेलं परत मावळलं. उसातून गार वारा आला. आणि एका क्षणी तिथे काळं भोक होतं आणि त्याच्याभोवती पांढरी प्रभा, थरथरणारी. किती वेळ ते नाही सांगता येणार. मी रडले. मला वाटलं होतं देव आम्हाला ढग दाखवेल. आमची तेवढी लायकी होती. पण दिसलं, स्वच्छ दिसलं, आणि आजवर मी त्याहून सुंदर काही बघितलेलं नाही. पावसात भिजू नये म्हणून स्नेहलला आम्ही गाडीत ठेवलं होतं. ती फळीवर उभी राहून टपाच्या फुगीर काचेत डोकं घालून बघत होती. आप्पांच्या जागेवर.

मोबाइल चालू केला. काही आलं नव्हतं. आम्ही सुटकेचा श्वास सोडला, तो कसला हे मी तेव्हाही विचारलं नाही.

संध्याकाळी घरी पोचलो तर आप्पा पडवीत भिंतीला टेकून बसलेले. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. येशी म्हणाली, "काल दुपारपासना बूट काढू देत नाय. झोपला पण तसाच." आप्पांनी विचारलं, "झाली का गाडी बरी?" हे पिशव्या उतरवायला वळले. मग तेच म्हणाले, "हितं बी सकाळी जरा काळोख झाला. येशीनं मला अंगणात नेलं व्हतं. बगळे परत फिरले. तिकडं?" मी म्हटलं, "ढग होते आप्पा. काही दिसलं नाही." त्यांनी खरंच च्च्च केलं. म्हणाले, "अरं अरं. तुमचा बी फेरा फुकट गेला." त्यांना आमची कीव आली होती. आणि तेवढ्यात स्नेहल आतून पळत आली. "दिसलं की, आप्पा! तुमच्या काचेतून एकदम पुरं दिसलं." आप्पांनी तिला जवळ बसवलं आणि म्हणाले, "सांग." ती सांगत होती, ऊस, वारा, भोक, प्रभा. ते डोळे मिटून ऐकत होते. मधे एकदा त्यांनी खिशातून काच काढली आणि तिच्या हातात दिली. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

दुसऱ्या दिवसापासून श्रावण. गाईचं दूध बंद झालं, कोणी ठरवून केलं नाही, झालं. डॉक्टर आठवड्याने येऊ लागले. लावणीच्या कामाला माणूस कमी म्हणून येशीला शेतावर घेतली. मी रात्री उठायची बंद झाले, मला झोप यायला लागली. आप्पांनीही पेज मागितली नाही. अवस त्यांनी काढली. पुनव नाही काढली. नारळी पौर्णिमेच्या आदल्या सकाळी शेतावर जाण्याआधी येशीच चहा घेऊन गेली आणि ओरडत बाहेर आली. दहा दिवस सुतक पाळलं, मोजून. आता कोणाचं काही अडत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सलीम मिस्त्री आले आणि गाडी घेऊन गेले. अजून ती त्यांच्या गॅरेजमागे आहे. मागच्या वर्षी रिक्षातून दिसली. टपावरून घेवड्याचा वेल चढलाय.

ती वेल्डिंगची काच स्नेहलने जपून ठेवली आहे. परवा बॅगेत भरताना मला दाखवली. मायेने बोलली, "आप्पा असते तर किती खूश झाले असते ना?" तिला खरंच तसं वाटतं. ती बारा वर्षांची होती. तिला सुंदर काहीतरी बघितल्याची आठवण आहे, आणि ते बघायला जाताना काय काय करायचं असतं त्याची.

काल संध्याकाळी ती यादी घेऊन माझ्या खाटेच्या कडेला बसली. बाहेर डोंगर गेलेला होता. दोन वेळची बाई ठरवली आहे, म्हणाली, चांगली आहे, रात्री पण राहील. औषधं महिनाभराची आणली. "तिकडे गाडीत रेंजचं काही खरं नाही गं. फोन लागला नाही तर घाबरू नको." मी म्हटलं, नाही घाबरत. ती पेनाने एकेका ओळीवर खूण करत खाली गेली, आणि वर न बघताच विचारलं, "आई, लग्न झालेल्या मुलीला माहेरचं सुतक तीनच दिवस असतं ना गं?"

"तीनच," मी म्हटलं. "तेही कळल्यापासून."

तिने खूण केली आणि माझं दूध गरम करायला उठली.